फौजी माणूस गेल्यावर घरच्यांचं पेन्शन: कागद नेमके कुठे अडतात?

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी. माझे मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पुढे काही वर्षं सिक्युरिटीत होते. यंदा बासष्टाव्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले. मामी गावी असतात. मुलगा पुण्यात कंपनीत आहे, मुलीचं लग्न झालंय. मामांचं पेन्शन 'स्पर्श'मधून, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेतून, थेट खात्यात यायचं. ते थांबलंय आणि फॅमिली पेन्शन काही सुरू होत नाहीये.

मामींचं माहेरचं नाव शकुंतला. लग्नात सुनंदा ठेवलं, तेव्हाची पद्धतच होती. मामांनी युनिटमध्ये लग्नाची नोंद केली तेव्हा शाळेच्या दाखल्यावरून 'शकुंतला' लागलं. आधार, पॅन, मतदार यादी, बँक, सातबारा, सगळीकडे सुनंदा. जन्मतारीखही डिस्चार्ज बुकात (फौज सोडताना मिळतं ते) एक आणि आधारवर दुसरी. आधारवरची १ जानेवारी आहे, म्हणजे अंदाजानं टाकलेली, समजा. सरकारच्या लेखी मामांची बायको शकुंतला, आणि त्यांच्या घरात राहणारी सुनंदा ही कुणी परकी बाई!

बँकेत गेलो तर त्यांनी स्पर्शकडे बोट दाखवलं. स्पर्शच्या हेल्पलाइनवर 'रेकॉर्ड ऑफिसशी बोला', म्हणजे जिथे जवानांच्या सेवेच्या नोंदी असतात तिथे. रेकॉर्डचा फोन लागला तर गंगेत घोडं न्हालं म्हणायचं. कुणी यातून गेलं असेल तर आधी काय, मग काय, ते सांगा. आणि पेन्शनशिवाय मामींचा आणखी कशाकशावर हक्क आहे तेही लिहा. गावात जो तो वेगळंच सांगतो.

सुभेदार_खडकी

ताई, मामांना सॅल्यूट. मी बॉम्बे सॅपर्सचा. आता तालुक्यात माजी सैनिकांचे आणि वीरनारींचे फॉर्म भरून देतो. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे तरी नावाच्या नाहीतर तारखेच्या घोळाचेच असतात, तेव्हा घाबरू नका.

बँकेच्या नादी लागू नका. पूर्वी पेन्शन बँकेच्या पेन्शन सेंटरमधून निघायचं, म्हणून लोकांना बँकेचीच सवय. आता स्पर्शमध्ये आलेल्यांचं पेन्शन प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन्स) या संरक्षण खात्याच्या पेन्शन कार्यालयाकडून थेट खात्यात पडतं. बँक मॅनेजर देवमाणूस असला तरी त्याच्या हाती काही नाही.

पहिलं काम, मृत्यूची खबर स्पर्शवर गेली आहे का ते बघा. ऑनलाइन जमत नसेल तर स्पर्श सेवा केंद्रात किंवा सीएससी केंद्रात देता येते. मामा गेल्यानंतर त्यांच्या खात्यात एखाद्या महिन्याचं पेन्शन पडलं असेल तर त्याला हात लावू नका. घरातलं पोरगं एटीएम घेऊन जातं, दिवसकार्याला पैसे काढतं, आणि मग फॅमिली पेन्शन सुरू झाल्यावर तिथूनच वसुली लागते. हे फार पाहिलंय.

दुसरं, मामांचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढा. निवृत्तीच्या वेळचा, आणि नंतर दुरुस्तीचे निघाले असतील ते, म्हणजे कोरिजेंडम पीपीओ. फॅमिली पेन्शनच्या रकान्यात बायकोचं नाव आहे का, काय आहे, जन्मतारीख आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. फोनवर कुणी वाचून दाखवलेलं चालायचं नाही.

तिसरं, नावाची दुरुस्ती. फौजेत लग्न झालं, पोर झालं, घटस्फोट झाला, की युनिट 'पार्ट टू ऑर्डर' काढतं. ती रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि जवानाच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या नोंदपत्रावर, चढते. पुढचं सगळं त्या नोंदीवर चालतं. मामा कुठल्या रेजिमेंटचे ते लिहा, म्हणजे कुठलं रेकॉर्ड ते सांगतो. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, महार रेजिमेंट असेल तर सागर, तोफखाना असेल तर नाशिक रोड कॅम्प, ईएमई (यंत्रं-गाड्या दुरुस्त करणारं दल) असेल तर सिकंदराबाद.

इंद्रायणीकाठ

सुभेदारसाहेब, धन्यवाद. मामा तोफखान्यातले. पीपीओ सापडला, पत्र्याच्या पेटीत डिस्चार्ज बुकाखालीच होता. नाव 'शकुंतला' आणि जन्मतारखेच्या जागी काहीच नाही.

कागदोपत्री

मग आधार कार्डावरच शकुंतला करून घ्या की. एका कार्डाचं काम. फौजेच्या रेकॉर्डशी कोण भांडत बसणार?

हिशेबनीस

कागदोपत्री, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि माझ्या मते चुकीचा आहे. मी कोषागारात नोकरी केली आहे, पेन्शनचा कागद हाताखालून गेलेला आहे. आधार बदललं की बँकेचं केवायसी बदललं, पॅन बदललं, मग सातबाऱ्यावर वारस नोंद लावताना तलाठी विचारणार की मयताची बायको सुनंदा की शकुंतला? एक गाठ सोडवायला चार नव्या बांधायच्या. बाई चाळीसेक वर्षं ज्या नावानं जगली ते नाव ठेवा आणि फौजेच्या नोंदीत ते चढवून घ्या. वेळ जास्त लागतो, पण एकदाच लागतो.

पुरावे असे जमवा: शाळा सोडल्याचा दाखला (माहेरचं नाव), विवाह नोंदणीचा दाखला असेल तर उत्तमच, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला. नुसतं 'बाई' लागलंय किंवा 'सुनंदा'चं 'सुनन्दा' झालंय अशा केसमध्ये प्रतिज्ञापत्रावर भागतं. इथे अख्खं नावच वेगळं आहे, तेव्हा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या, तो अर्ज ऑनलाइन होतो. आणि घरात जुनी लग्नपत्रिका असेल तर ती जपा. पुरावा म्हणून तिला एकटीला वजन नाही, पण 'चि. सौ. कां. शकुंतला' आणि नवऱ्याचं नाव एका ओळीत छापलेलं दिसलं की फाईल वाचणाऱ्याच्या मनातली शंका जाते. आमच्याकडे एका केसमध्ये अशी पत्रिका लावलेली होती, कोपऱ्याला हळदीचं बोट तसंच.

हे सगळं घेऊन थेट रेकॉर्डला पोस्ट करू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. त्यांच्या अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्यानं गेलेला कागद आणि आपण पाठवलेला कागद यात फरक पडतो.

सुभेदार_खडकी

हिशेबनीस साहेबांशी शंभर टक्के सहमत. जिल्हा कार्यालयात कल्याण संघटक असतात, ते बहुतेक स्वतः माजी सैनिकच. त्यांच्याशी आधी बोला. तालुक्याला त्यांचा ठरलेला दौरा असतो, तेव्हा मामींना जिल्ह्याला न्यायची गरजही पडणार नाही कदाचित.

आणि ताई, प्रत्येक कागदावर मामांचा आर्मी नंबर, रँक आणि नाव. आर्मी नंबर नसेल तर तो कागद फौजेसाठी अनाथ.

बाराबंदी

अवांतर: आमच्या आजोबांचं आडनाव फौजेत दोन वेगवेगळ्या स्पेलिंगनं आहे, भरती करणारा बाबू पंजाबी आणि निवृत्त करणारा मद्रासी. आजी म्हणायची, मी दोन नवरे केले आणि पेन्शन एकाचंच येतंय.

पायवाट

😂 बाराबंदी.

पण विषयाला धरून: रक्कम किती बसते ते कुणी लिहील का? मामींना मामांचं अख्खं पेन्शन मिळणार का? आमच्याकडे असाच समज आहे की बायकोला निम्मं मिळतं.

हिशेबनीस

पेन्शनच्या निम्मं, हा समज चुकीचा. फॅमिली पेन्शन मोजतात ती शेवटच्या पगारावर.

निवृत्त माणूस नैसर्गिक कारणानं गेला तर साधं फॅमिली पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. पण सुरुवातीचा काही काळ वाढीव दर असतो, ५० टक्के. तो मृत्यूपासून ७ वर्षं किंवा तो माणूस ६७ वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवर. मामा बासष्टाव्या वर्षी गेले, म्हणजे मामींना वाढीव दर साधारण पाच वर्षं. (तो मामांच्या स्वतःच्या पेन्शनपेक्षा जास्त होत नाही.) नोकरीत असताना मृत्यू झाला तर वाढीव दर १० वर्षं चालतो.

मृत्यू लष्करी सेवेमुळे झाला असेल, पण लढाईत नाही, तर विशेष फॅमिली पेन्शन ६० टक्के. लढाईत, अतिरेक्यांशी चकमकीत वगैरे वीरमरण आलं तर लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, शेवटच्या पगाराइतकं, म्हणजे १०० टक्के. कमीत कमी रक्कम २०१६ पासून दरमहा ९,००० आहे, वर महागाई भत्ता.

जुन्या पेन्शनरांना 'शेवटचा पगार' काढून हिशेब करत बसायची गरज नाही. वन रँक वन पेन्शनचे (समान रँक, समान सेवा, तर समान पेन्शन) तक्ते रँक आणि सेवेच्या वर्षांनुसार छापलेले असतात, त्यात फॅमिली पेन्शनचेही असतात. हवालदार, पगाराचा ग्रुप आणि सेवा इतकी वर्षं, त्या ओळीत बघायचं. १ जुलै २०१४ पासून ही योजना लागू, दर पाच वर्षांनी फेरआढावा, म्हणजे २०१९ आणि मग २०२४. आपल्याला मिळतंय ते ताज्या तक्त्याशी जुळतं का हे बघणारी माणसं फार थोडी.

रोखठोक

एक प्रश्न विचारतो, कुणी रागावू नये. पस्तीस-चाळिशीत पेन्शन, कँटीन, दवाखाना, वर आरक्षण. शेतकऱ्याच्या विधवेला काय मिळतं? कष्ट दोघांचेही. सरकारनं एकालाच का द्यावं?

सुभेदार_खडकी

रागावत नाही. शेतकऱ्याच्या विधवेला मिळायला हवं, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथेही येऊन लिहीन. पण जवानाचं पेन्शन हे बक्षीस नाही. सरकार त्याला स्वतः पस्तीस-चाळिशीत घरी पाठवतं, कारण सरकारला तरुण फौज हवी असते. सरकारी कारकून साठीपर्यंत पगार घेतो, पगारवाढी घेतो, आमची नोकरी तिथे अर्ध्यावर तोडलेली असते. पोरं शाळेत, आईबाप म्हातारे, आणि हातात जे कौशल्य ते गावात कुणाला लागत नाही. जवानाला पेन्शनला १५ वर्षं सेवा लागते, अधिकाऱ्याला २०. मधेच आजारपणानं, घरच्या अडचणीनं नाव कापून आला तर पेन्शन नाही.

रोखठोक

मुद्दा मान्य. पण मग वन रँक वन पेन्शनवर इतकी वर्षं भांडण का चाललं होतं, ते अजून कळलं नाही.

हिशेबनीस

थोडक्यात: १९९० साली निवृत्त झालेला हवालदार आणि २०१० साली निवृत्त झालेला हवालदार, सेवा सारखीच, पण वेतन आयोग मधे येऊन गेल्यानं पेन्शनमध्ये मोठी तफावत. कोश्यारी समितीनं २०११ साली म्हटलं की समान रँक आणि समान सेवा असेल तर निवृत्तीची तारीख न बघता पेन्शन समान हवं. (हेच कोश्यारी पुढे आपले राज्यपाल झाले.) २०१५ ला जंतरमंतरवर आंदोलन झालं, ७ नोव्हेंबर २०१५ ला आदेश निघाला. पण आदेशात फेरआढावा पाच वर्षांनी ठेवला, आपोआप नाही. त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेले, मार्च २०२२ मध्ये न्यायालयानं सरकारचं धोरण ग्राह्य धरलं. कायद्यानं विषय संपला, माजी सैनिकांच्या मनात अजून संपलेला नाही.

नीलमोहर

पहिल्यांदाच लिहितेय. माझे वडील ड्युटीवर गेले, मी तेव्हा शाळेत होते. आईला विशेष फॅमिली पेन्शन. पैशांचं इथे लोकांनी नीट लिहिलंय, मी जे कुणी लिहीत नाही ते लिहिते.

पेन्शन बायकोच्या नावानं सुरू झालं आणि घरात दोन चुली झाल्या. आजी-आजोबांचं म्हणणं, लेक आमचा होता. आईचं म्हणणं, पोरं माझ्या पदरात आहेत. दोघांचंही खरं. नियम असा की विधवा आहे तोवर पेन्शन तिला, आईबापांचा नंबर विधवा आणि पात्र मुलं नसतील तर. पण विशेष आणि लिबरलाइज्ड पेन्शनमध्ये, मयतावर अवलंबून असलेल्या आईबापांना बघायला विधवेनं नकार दिला तर पेन्शन वाटून देण्याची तरतूद आहे. हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. माहीत असतं तर भावकीतल्या लोकांनी मध्यस्थी करायला येऊन आग लावली नसती.

विम्याचं वेगळं असतं. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचा पैसा नॉमिनेशनप्रमाणे जातो, आणि ते टक्क्यांत वाटून लिहिता येतं. भाऊ, दीर, नवरा कुणी फौजेत असेल तर एवढंच विचारा, लग्नानंतर नॉमिनेशन बदललंस का. बऱ्याच पोरांचं भरतीच्या दिवशी आईच्या नावानं लिहिलेलंच तसंच राहतं.

पुनर्विवाहाबद्दल. शौर्यपदकाचा जो मासिक भत्ता असतो, तो विधवेनं दुसरं लग्न केलं तर बंद व्हायचा. अपवाद एकच, दिराशी लग्न केलं तर चालू. २०१७ च्या नोव्हेंबरात ती अट काढली. २०१७! माझ्या आईच्या पिढीतल्या कितीतरी बायकांचा निर्णय या एका वाक्यानं घेतलेला असेल.

इंद्रायणीकाठ

नीलमोहर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे आजी अजून आहे, मामांची आई. मामींनी कधी तोंडातून काढलं नाही, पण पेन्शन कुणाचं हा विषय तेराव्यालाच निघाला होता.

काळा_कोट

वकिलाचे दोन शब्द. धागा फॅमिली पेन्शनचा आहे, पण मामांना अपंगत्व पेन्शन होतं का ते बघा. बीपी, शुगर, कमी ऐकू येणं, पाठीचा त्रास, असं काही निवृत्तीच्या मेडिकल बोर्डात लिहिलेलं असेल आणि 'सेवेशी संबंध नाही' असा शेरा मारून अपंगत्व पेन्शन नाकारलं असेल, तर विषय तिथेच संपत नाही. २०१३ च्या धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि सेवेत तो आढळला, तर झुकतं माप जवानाकडे. संबंध नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. २०१४ च्या राम अवतार निकालानं अपंगत्वाची टक्केवारी वर नेण्याचा फायदा मुदत संपून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. ५० च्या खाली असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यावर १००.

दाद मागायची सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे, त्याचं मुंबईला खंडपीठ आहे. मात्र सप्टेंबर २०२३ मध्ये पात्रतेचे नवे नियम आलेत, ते नंतर निवृत्त होणाऱ्यांना कडक आहेत. जुन्या माणसांची गोष्ट वेगळी. नवरा हयात नसला तरी थकबाकीसाठी पत्नी जाऊ शकते, फक्त उशिराचं कारण द्यावं लागतं आणि मागची थकबाकी बहुतेकदा मर्यादित मिळते. केस करण्याआधी मेडिकल बोर्डाची प्रत हातात असल्याशिवाय कुणाला एक रुपया फी देऊ नका. यात आम्ही वकीलही आलो.

पायवाट

दवाखान्याचं सांगा कुणीतरी. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड मामांच्या नावावर असेल तर ते आता बाद?

सुभेदार_खडकी

मामांचं बाद, मामींचं हक्कानं चालू. विधवा आता मुख्य लाभार्थी म्हणून नोंदवायची. फॅमिली पेन्शनचा पुरावा लागतो, म्हणून पुन्हा नावावर येऊन अडणार, म्हणून पुन्हा आधी नाव.

ईसीएचएस १ एप्रिल २००३ पासून आहे. एकदाच वर्गणी भरायची, शिपाई ते हवालदार ३० हजार, जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७ हजार, अधिकारी १ लाख २० हजार. १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धविधवांना माफ. मामांनी भरली असेल तर मामींना पुन्हा काही नाही. मुलगा कमावता झाला की बाहेर.

गैरसोय खरी आहे. पॉलिक्लिनिक जिल्ह्याला, गाव आत. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघायचं, टोकन घ्यायचं, डॉक्टरांनी रेफर केलं तर तो कागद घेऊन यादीतल्या हॉस्पिटलात, तिथे पुन्हा रांग. औषध आज नसेल तर 'नॉट अव्हेलेबल'चा शिक्का मारून पुन्हा या. साखरेच्या गोळ्यांसाठी म्हातारी बाई एवढं करत नाही, ती गावच्या मेडिकलमधून विकत घेते. मी तर सांगतो, रोजच्या गोळ्यांचं सोडा, पण कार्ड जिवंत ठेवा, कारण बायपास किंवा गुडघ्याचं ऑपरेशन निघालं की त्याचं मोल कळतं.

इमर्जन्सीत यादीबाहेरच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं तर न्या, जीव आधी. पण ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. तेवढं चुकलं की बिल गळ्यात.

चौथी_सीट

आर्थिक मदतीच्या योजना कुणी लिहिल्या नाहीत म्हणून लिहिते, माझी मैत्रीण सैनिक कल्याणमध्ये आहे.

केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत मिळणारी अनुदानं २०२५ च्या नोव्हेंबरपासूनच्या अर्जांना दुप्पट झाली. मुलीच्या लग्नाला ५० हजारांचे १ लाख, मुलांच्या शिक्षणाला दरमहा हजाराचे दोन हजार (दोन मुलांपर्यंत), आणि पेन्शन नसलेल्या ६५ वर्षांवरच्यांना दरमहा ४ हजारांचे ८ हजार. हे हवालदार रँकपर्यंत. शेवटचं मामींना लागू नाही कारण त्यांना पेन्शन आहे, पण तुमच्या गावात नाव कापून आलेला एखादा म्हातारा जवान नक्की असेल, ज्याला कुणी फौजी म्हणतही नाही. त्याच्यापर्यंत हे पोचवा. खरी गरज तिथे आहे.

इंजिनीअरिंग, मेडिकल, बीएड अशा कोर्सला पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, मुलींना महिना ३,०००, मुलांना २,५००, पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के हवेत. राज्याकडून घरपट्टी माफ, बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेखाली, माजी सैनिक आणि विधवा दोघांना, एका घरापुरती. ग्रामपंचायतीला हे बहुतेक वेळा आपणच सांगावं लागतं, आणि ग्रामसेवक 'शासन निर्णय दाखवा' म्हणतो. जिल्हा कार्यालयातून प्रत घेऊनच जा.

मामांचा निवृत्तीनंतरचा विस्तारित विमा होता का तेही बघा. निवृत्तीच्या वेळी ग्रुप इन्शुरन्सच्या पैशांतून एकदाच कापून घेतात, सर्टिफिकेट डिस्चार्जच्या कागदांत असतं. घरच्यांना पत्ताच नसतो, दावा केल्याशिवाय पैसे येत नाहीत.

इंद्रायणीकाठ

चौथी_सीट, तुमच्या तोंडात साखर! पेटीत असं एक सर्टिफिकेट आहे, आम्ही ते जुनं म्हणून बाजूला ठेवलं होतं.

रांजणवाडी

माझा मुलगा अग्निवीर आहे. वरचं सगळं वाचून पोटात गोळा आला. त्याला यातलं काय?

काळा_कोट

रांजणवाडी, स्पष्ट सांगतो. चार वर्षांच्या करारात पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. शेवटी सेवा निधी, व्याज धरून ११ लाख ७१ हजारांच्या आसपास. सेवेत मृत्यू झाला तर ४८ लाखांचा विमा, ड्युटीमुळे मृत्यू असेल तर वर ४४ लाख सानुग्रह आणि उरलेल्या काळाचा पगार. रक्कम एकरकमी, दरमहा काही नाही. २५ टक्क्यांपर्यंत मुलं कायम होतील, ती कायम झाली की नेहमीचे नियम. त्याचं नॉमिनेशन नीट भरलंय का ते आजच विचारा.

बाराबंदी

अवांतर पण राहवत नाही. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान गेले. इंग्रजांनी त्यांच्या स्मरणार्थ शिळा बसवली. त्या काळातल्या बायकांना पेन्शनसाठी कुठल्या कागदावर अंगठा उठवावा लागला असेल, कुणाला माहीत.

सुभेदार_खडकी

जे हयात आहेत त्यांच्यासाठी लिहितो. तुमच्या घरात निवृत्त फौजी असेल तर या रविवारी पेटी उघडा. डिस्चार्ज बुक, पीपीओ, बायकोचं आधार, तिन्ही समोरासमोर ठेवा. नाव, जन्मतारीख, एकेक अक्षर. माणूस हयात असताना दुरुस्तीला त्याची एक सही पुरते. स्पर्शवर त्याच्याच लॉगिनमधून बऱ्याच गोष्टी होतात. आमच्या फौजी लोकांना हे सांगायला गेलं की म्हणतात, 'मी मरायची वाट बघताय काय?' तरी सांगा. हयातीचा दाखला वर्षातून एकदा, हल्ली मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो. आणि 'स्पर्श अपडेट करायचंय, ओटीपी सांगा' असा फोन आला तर सरळ ठेवून द्या.

इंद्रायणीकाठ

अपडेट देते. कल्याण संघटक तालुक्याला आले होते, भेटले. पुष्कळ मदत केली. राजपत्राचा अर्ज झालाय, प्रतिज्ञापत्र झालं, लग्नपत्रिका मामींच्या माहेरी मिळाली. राजपत्र हातात आलं की सगळं एकत्र नाशिकला जाईल. मृत्यूची खबर स्पर्शवर आधीच गेली होती. एक हप्ता जास्त पडलाय, त्याला कुणी हात लावलेला नाही. विम्याचा दावा वेगळा पाठवला, त्याला मुलांच्या सह्या लागल्या. फॅमिली पेन्शन लागू झालं की मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासूनची थकबाकी मिळेल असं सांगितलंय, तोवर मुलगा घरखर्च बघतोय.

पायवाट

माझा वेगळा प्रश्न, इथेच विचारतो. आजी फॅमिली पेन्शनर आहे, आजोबा १९६५ च्या लढाईत होते. ऐंशी झाल्यावर पेन्शन वाढतं म्हणतात. आजी ऐंशीच्या पुढे आहे हे नक्की, पण वाढ काही दिसत नाही.

हिशेबनीस

वाढतं. ८० ला २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरी गाठली की १०० टक्के. फॅमिली पेन्शनलाही लागू. पण तिची जन्मतारीख पीपीओत नसेल तर यंत्रणेच्या लेखी ती ऐंशीची होतच नाही. शाळेचा दाखला नसणार, तेव्हा पॅन, आधार, मतदार ओळखपत्र यांवरच्या तारखा एकमेकींशी जुळतात का ते बघून इथे लिहा. जुळत असतील तर काम सोपं आहे, नसतील तर आधी कुठला कागद धरायचा ते ठरवू.